खिंडीच्या वाटेवर खरा आकडा

हॅम्बर्ग : टायरांचा शनिवार

एल्बे नदीच्या काठच्या ओल्या वाळूत मी कमरेला दोरी बांधून मोटारीचं जुनं टायर ओढत होते. शेजारी सतरा वर्षांची इरा तसलंच दुसरं टायर ओढत होती आणि तिचं टायर माझ्या टायरच्या बरंच पुढे होतं. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा थांबले. आमच्या दोघींकडे आणि मागून येणाऱ्या आणखी आठ टायरवाल्यांकडे पाहून त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "कसली शिक्षा आहे ही?"

शिक्षा नव्हती, तालीम होती. मार्चमध्ये आम्ही स्वीडनच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, स्कीवरून डोंगर ओलांडणार होतो. सामानाची घसरगाडी प्रत्येक जोडीनं आपली आपण ओढायची. हॅम्बर्गमध्ये बर्फ मिळण्याची खात्री नाही, पावसाची मात्र आहे. म्हणून वाळू आणि टायर.

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढून घेतलेली जादा चादर. तीन वर्षांपासून मी हॅम्बर्गला पीएचडी करतेय, जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटू नये म्हणून लावायच्या रंगावर. दिवसभर काचेच्या पट्ट्यांवरचं शेवाळ मोजायचं आणि संध्याकाळी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, घरी यायचं, असं माझं धाडसी आयुष्य. एक दिवस विद्यापीठाच्या फलकावर एका युवक मंडळाच्या सहलीचा कागद दिसला. अट एकच, वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. जर्मनीत सत्ताविशीपर्यंत माणूस कागदोपत्री तरुण असतो, हे वाचून मला भलताच आनंद झाला. सांगलीतल्या माझ्या मावश्यांनी माझं तारुण्य केव्हाच संपवून टाकलं होतं. जूनमध्ये माझी सत्तावीस पूर्ण होणार होती. म्हणजे आत्ता गेले तर गेले, नाहीतर राहिलंच.

इरा ही वैशालीकाकूंची मुलगी. जर्मनीत आल्यावर पहिले सहा महिने मी इंगोलश्टाटला इंटर्नशिप करत होते आणि काकूंच्या घरात वरच्या खोलीत राहत होते. काका-काकू पुण्याचे, काका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, टायरं त्यांनीच दिली आणि तालमीसाठी इराला टायरांसकट हॅम्बर्गला आणून सोडलं. इरा जन्मापासून तिथलीच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. मी सहलीला जातेय हे कळल्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी काकूंचा फोन आला.

"हे म्हणतात, जाऊ दे. मी म्हटलं, मृण्मयी बरोबर असेल तरच. तुझ्यावर सोपवतेय हो मी तिला."

"काकू, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणाले. हे वाक्य आपण मराठी माणसं किती सहज बोलतो.

आबिस्को : लाल फुल्यांची वाट

दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासाचं वर्णन करून मी कुणाला छळत नाही. रात्री झोपलो तेव्हा खिडकीबाहेर काळी झाडं होती, जाग आली तेव्हा पांढरी होती. आबिस्कोच्या स्टेशनवर उतरले आणि पहिला श्वास घेतला, तर नाकातले केस आतल्या आत कडक झाले. उणे एकोणीस. इरा आनंदानं ओरडली आणि पाठीवरच्या सॅकसकट बर्फात उताणी पडली. मी सॅक नीट खाली ठेवली, कारण मी ताई होते.

आमची म्होरकी होती उटे. साठीला टेकलेली, हॅम्बर्गमध्ये मुलांना सुतारकाम शिकवणारी, बोलायला सुतारासारखीच, म्हणजे दोनदा मोजून एकदा कापणारी. रांगेच्या शेवटी तिचा सहकारी टॉर्बेन. मध्ये आम्ही दहा तरुण, त्यात कागदोपत्री मी. ड्युसेलडॉर्फचा योनास हा आमच्यातला पहिलवान. सव्वासहा फूट उंच, आणि घसरगाडी अशी ओढायचा की जणू बाजाराची पिशवी.

निघण्याआधी उटेनं एकच नियम सांगितला. दर तासाला थांबायचं, वाऱ्याकडे पाठ करून गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं एक ते दहामधला एक आकडा सांगायचा. दहा म्हणजे नाचावंसं वाटतंय, एक म्हणजे मला उचलून न्या. कारणं नकोत, लाज नको, फक्त आकडा. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याच्यावरून पुढचा वेग ठरणार.

"मला तुमच्या बुटांच्या आत बघता येत नाही," ती म्हणाली. "त्यामुळे मी तुमच्या आकड्यावर चालते."

वाट सुरू झाली. गोठलेल्या नदीवरून, बुटक्या बर्च झाडांमधून. वाट ओळखायची कशी, तर थोड्या थोड्या अंतरावर खांब आणि प्रत्येक खांबावर लाल फुली. शाळेत लाल फुली म्हणजे चूक. इथे फुली दिसली की जिवात जीव यायचा. ऊन लख्ख होतं, आकाश निळंशार, आणि शांतता इतकी की स्वतःच्या स्कीची खसखस सोडली तर कानाला काही कामच नव्हतं. मी घसरत होते, पडत होते, उठत होते आणि मनातून खूश होते. सांगलीची मृण्मयी आर्क्टिकमध्ये घसरगाडी ओढतेय! आमच्या दोघींत एक गाडी होती. पाळीपाळीनं ओढायची असं ठरलं होतं, पण मी इराला पाळी देतच नव्हते. लहान आहे, दमेल.

पहिल्या थांब्यावर आकडे सुरू झाले. योनास, दहा. कुणी सात, कुणी आठ. माझ्या खांद्यांत कळा येत होत्या, डाव्या टाचेला बूट चावत होता, बोटं बधिर होत होती.

"आठ," मी हसून म्हणाले.

"पाच," इरा म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या तासाला पाच? अकरा माणसांसमोर? उटेनं नुसती मान हलवली, वेग कमी केला, इराला हातमोज्यांवर आणखी एक मोजा चढवायला लावला. पुढे निघाल्यावर मी इराच्या बाजूला गेले आणि दबक्या आवाजात मराठीत म्हणाले, "अगं, पाच काय सांगतेस? सगळ्यांना तुझ्यामुळे हळू जावं लागतंय. लोक काय म्हणतील? थोडं सोसायला शिकावं माणसानं."

इरानं माझ्याकडे पाहिलं. "आबर एस वार डॉख फ्युन्फ," ती म्हणाली. पण पाचच होतं की!

"तरी आठ म्हणावं," मी म्हणाले.

मी काही वाईट हेतूनं बोलले नाही. आमच्या घरी कुणी "कशी आहेस?" विचारलं की "मस्त" म्हणायचं असतं, ताप असला तरी. पाहुण्यांकडे भूक लागली तरी "आत्ताच जेवलेय" म्हणायचं असतं. समोरच्याला आपला त्रास नको, हे मला चालायला शिकायच्या आधी शिकवलेलं. जर्मनीत साडेतीन वर्षं राहून मी दुकानदाराशी भांडायला शिकले, घरमालकाला लेखी पत्र टाकायला शिकले, पण हे काही सुटलं नव्हतं.

पुढच्या थांब्याला मी आठ म्हणाले. इरानं क्षणभर बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आठ." मला अभिमान वाटला, हे इथे कबूल करते.

पहिली झोपडी : लाडू आणि करवत

मुक्कामाच्या लाकडी झोपड्यांत वीज नाही, नळ नाही. तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून बादलीनं पाणी आणायचं, ओंडके करवतीनं कापायचे, कुऱ्हाडीनं फोडायचे, चूल पेटवायची. आणि सकाळी निघताना पाण्याची बादली भरून, सरपण रचून, फरशी झाडून जायचं. पुढे येणारा कोण आहे हे ठाऊक नसतं, तरी त्याच्यासाठी. आमच्या सोसायटीच्या जिन्यातला दिवा कुणी बदलायचा यावर तीन बैठका झालेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे त्या रचलेल्या सरपणाकडे मी बराच वेळ आदरानं बघत बसले.

काकूंनी आमच्याबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा दिला होता. तो मी गाडीवर वरच ठेवला होता, पटकन काढता यावा म्हणून. झोपडीत डबा उघडून योनासला लाडू दिला. त्यानं आनंदानं चावा घेतला आणि गाल धरून खाली बसला. लाडवाचा दगड झाला होता. मी ओशाळून माफी मागत होते तेवढ्यात उटेनं लाडू हातात घेतला, दिव्यासमोर फिरवून पाहिला, बाहेर गेली, ओंडके कापायच्या घोडीवर ठेवला आणि करवतीनं त्याचे व्यवस्थित चार भाग केले. सुतारीण ती! ते तुकडे चुलीजवळ ठेवून मऊ झाल्यावर सगळ्यांनी खाल्ले आणि डब्यातले बाकीचेही करवतीखाली गेले. काकूंच्या लाडवांचा भुसा आर्क्टिकच्या बर्फात पडला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकानं दोन तुकडे जॅकेटच्या आतल्या खिशात, छातीशी धरून न्यायचे, असा नियमच झाला.

आलेसयाउरे : इराची बोटं

दुसरा दिवस लांबचा होता, वीसेक किलोमीटर. झाडं संपली आणि उघडं पठार लागलं. दुपारनंतर समोरून वारा सुरू झाला. बर्फाचे कण जमिनीवरून सापासारखे सरपटत यायचे. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. तरीही दर तासाला आमचे आकडे छापल्यासारखे. योनास, दहा. मी, आठ. इरा, आठ. आमच्या दोघींच्या शेजारी उभी असलेली एक मुलगी कौतुकानं म्हणालीसुद्धा, "तुम्ही भारतीय मुली किती काटक!"

संध्याकाळी आलेसयाउरेच्या झोपडीत पोचलो. सगळ्यांचे बूट निघाले, पण इरा बाकावर बसूनच राहिली. मी तिचे बूट ओढून काढले, मोजे काढले. उजव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी होती. मी हात लावला.

"कळतंय का गं?"

इरानं मान हलवली. नाही.

मी उटेला हाक मारली, ती आली, बोटं दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "जॅकेट उघड, शर्ट वर कर, पोट." मला कळेचना. तिनं इराचे दोन्ही पाय उचलले आणि सरळ माझ्या उघड्या पोटावर ठेवले. त्या गारठ्यानं माझा श्वासच अडकला. इराचा पाय ताईला लागला म्हणून तिचा हात, जर्मनीत वाढलेल्या मुलीचा हात, आपोआप माझ्या गुडघ्याला लागून तिच्या कपाळाकडे गेला. ते पाहून मला रडू आलं, पण मी आवरलं.

तशी आम्ही अर्धा तास बसलो. बोटांत रक्त परत येताना ती कळवळली. उटे म्हणाली, दुखतंय हे चांगलं लक्षण आहे. पांढरी बोटं हळूहळू गुलाबी झाली. मग उटे समोर बसली.

"बधिर कधीपासून होती?"

"जेवणानंतर," इरा म्हणाली.

"त्यानंतर तू तीनदा आठ म्हणालीस. का?"

इरानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला माझं नाव सांगायचं नव्हतं. त्या मुलीची ती निष्ठा मला सहन होईना. सगळे बाकावर बसले होते, सूप ढवळणारा टॉर्बेनही थांबला होता.

"मी सांगितलं तिला," मी म्हणाले. "पहिल्या दिवशी ती पाच म्हणाली, तेव्हा मी तिला रागावले. माझे आकडेही खरे नव्हते. एकही."

उटे ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझं आठ खोटं आहे हे मला पहिल्याच थांब्यावर कळलं होतं. आठवाला माणूस असा लंगडत नाही. तुझ्या आकड्यातून मी तीन वजा करत होते. पण हिचं पाच खरं होतं, म्हणून हिच्या आठावर मी विश्वास ठेवला. माझ्याकडे एक चांगलं मोजमाप होतं मृण्मयी, ते तू बिघडवलंस."

मी मान खाली घातली. मग तिनं निर्णय सांगितला. उद्या इथेच मुक्काम. परवा सकाळी बोटांना फोड नसतील तर इरा पुढे येईल. फोड असतील तर झोपडी सांभाळणाऱ्या बाईंच्या बर्फगाडीवरून ती परत आबिस्कोला जाईल आणि मीही तिच्याबरोबर. मग खिंड विसरायची.

ही खिंड म्हणजे या वाटेवरचं सर्वांत उंच ठिकाण. इरानं इंगोलश्टाटला तिच्या खोलीच्या भिंतीवर नकाशा लावून त्यावर लाल टाचणी टोचली होती. आणि माझ्यासाठी तर पुढचं वर्ष नव्हतंच.

मुक्कामाचा दिवस संपता संपेना. मी पाणी आणलं, लाकडं कापली, कुणी न सांगता भांडी घासली. दुपारी इराजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तू बरोबर होतीस."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "ताई, तू घसरगाडी पण ओढू देत नाहीस मला. मला वाटलं, तुला मी ओझं वाटते." मी गाडीचा कमरपट्टा आणून तिच्या हातात दिला. तिनं तो उशाशी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उटेनं खिडकीच्या उजेडात इराची बोटं एकेक करून तपासली. फोड नव्हते. रंग चांगला. इरा डोळे मिटून बसली होती आणि उटे सुईच्या टोकानं हलकेच टोचत विचारत होती, कुठलं बोट? इरानं पाचही बरोबर सांगितली.

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं उटे म्हणाली, आणि अख्ख्या झोपडीनं टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून, "आता तू. यापुढे प्रत्येक थांब्यावर पहिला आकडा तुझा."

खिंड

त्या दिवशी आम्ही खिंडीच्या पायथ्याच्या छोट्या झोपडीपर्यंत गेलो. अर्धी वाट गाडी इरानं ओढली. माझे आकडे सहा, सहा, पाच. प्रत्येक वेळी आकडा सांगताना मी बुटांकडे बघायचे. कुणी काहीही म्हणालं नाही. सहाला कुणी हसत नाही, हे कळायला मला सव्वीस वर्षं लागली.

खिंडीच्या सकाळी उणे बावीस होतं आणि वारा थेट तोंडावर. चढ तसा भयंकर नाही, पण संपतच नाही. समोर पांढरं, वर पांढरं, आणि लाल फुल्या एकामागून एक त्या पांढऱ्यात बुडत चाललेल्या. माझी टाच आता नुसती चावत नव्हती, तिथलं कातडं गेलं होतं आणि प्रत्येक पावलाला आग होत होती. पोटात काही नव्हतं, कारण सकाळी भीतीनं खाणं गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला खूप भीती वाटत होती.

एका मोठ्या खडकाआड उटेनं थांबा घेतला. टॉर्बेननं भगव्या रंगाची एक मोठी कापडी पिशवी काढली. बारा जणांनी डोक्यावरून ती ओढून घ्यायची, तिच्या काठावर बसायचं, म्हणजे वारा बंद. आत सगळ्यांचे गुडघे एकमेकांना टेकलेले, सगळ्यांच्या श्वासाची वाफ, चेहरे भगवे.

"आकडा," उटे म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

आता मला काय वाटत होतं ते ऐका. तीन म्हटलं, तर उटे कदाचित मागे फिरवेल. मागे फिरलो तर इराची टाचणी गेली, सगळ्यांची खिंड गेली, आणि ती माझ्यामुळे गेली असं दहा जणांना आयुष्यभर आठवेल. जिभेवर सहा होतं. सहा काही फार खोटं नव्हतं. इरा माझ्याकडे बघत होती.

"तीन," मी म्हणाले. "टाच सोललीय. मी काही खाल्लेलं नाही. आणि मला भीती वाटतेय."

वारा कापडावर थपडा मारत होता. मग माझ्या समोरून योनासचा आवाज आला, त्या पहिलवानाचा. "चार," तो म्हणाला. "माझा गुडघा कालपासून दुखतोय. मी आपलं दहा म्हणत होतो, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं."

"पाच," कुणीतरी म्हणालं. "चार." "साडेचार चालतं का?" कुणीतरी हसलं, मग सगळेच हसू लागले. इराचा नंबर आला. तिनं बोटं हलवून पाहिली असावीत, कारण ती क्षणभर थांबली. "सात," ती म्हणाली, आणि तिचं सात खरं होतं.

उटे एवढंच म्हणाली, "छान. आता मला कळलं, वर नेमकं कोण चढतंय ते."

ती मागे फिरली नाही. पुढचा पाऊण तास तिनं आम्हाला त्या पिशवीतच बसवलं. टॉर्बेननं माझा बूट काढून टाचेला जाड पट्टी लावली. योनासच्या गुडघ्याला पट्टा बांधला. गरम गोड चहा फिरला आणि सगळ्यांनी आतल्या खिशातले लाडवाचे तुकडे काढले. छातीच्या ऊबेनं ते मऊ झाले होते. डिंक, खारीक, तूप. मी अधाशासारखे दोन्ही खाल्ले आणि योनासनं त्याचा एक मला दिला, तोही खाल्ला, एकदासुद्धा नको न म्हणता. सामानाची नवी वाटणी झाली. आमची गाडी इरानं घेतली, योनासची गाडी दोघांनी मिळून.

मग उटे म्हणाली, "मृण्मयी, तू सगळ्यांच्या पुढे."

"मी? मी सगळ्यांत हळू आहे!"

"म्हणूनच."

तर असं झालं की आर्क्टिकच्या त्या खिंडीकडे जाणाऱ्या रांगेच्या तोंडाशी, उटेच्याही पुढे, मी होते. माझ्यासमोर कुणाची पाठ नव्हती. एक फुली गाठायची, पुढची शोधायची. माझ्या वेगानं अकरा माणसं येत होती आणि कुणी मला ढकलत नव्हतं. टाच दुखत होती, पण तिला आता कुणाला फसवायचं नव्हतं, त्यामुळे अर्धं दुखणं तिथेच कमी झालं. कितीतरी वेळानं पायाखालची जमीन सपाट झाल्यासारखी वाटली. आणखी शंभर पावलं गेले, आणि ढग एकदम फाटले.

समोर, खाली, दूरवर पसरलेली दरी होती. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा, त्यांच्यामध्ये रुंद पांढरा पट्टा, आणि त्यावर ऊन असं पडलेलं की डोळे उघडे ठेवणं अशक्य. इतकी मोठी जागा मी जन्मात पाहिली नव्हती. मी किंचाळले. काय किंचाळले ते सांगत नाही, पण ते अस्सल सांगलीचं होतं. मागून इरा गाडीसकट धावत आली आणि माझ्या अंगावर आदळली. आम्ही दोघी पडलो, गाडी आमच्यावर पडली, आणि आम्ही तशाच हसत राहिलो. योनास हात वर करून एका पायावर नाचत होता. उटेनं चष्मा वर केला आणि डोळे पुसले. वाऱ्यामुळे, असं ती म्हणाली.

उतार तीव्र होता. तिथे माझं स्की-कौशल्य संपलं आणि उरलेली खिंड मी बसून उतरले, लहानपणी बागेतल्या घसरगुंडीवरून उतरायचे तशी. संध्याकाळी पुढच्या झोपडीची दोन धुराडी दिसली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला दारात रानबेरींचा गरम रस द्यायची पद्धत आहे. झोपडी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई किटली घेऊन बाहेर आल्या. "या वाऱ्यात खिंड? पुढे कोण होतं तुमच्या?" त्यांनी विचारलं. अकरा स्कीच्या काठ्या माझ्याकडे वळल्या.

पहिला पेला मला मिळाला. दुसरा हवा का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले.

परत हॅम्बर्ग : फलाट

पुढच्या तीन दिवसांत ऊन होतं, रेनडियरचे कळप होते, सौनाच्या तापलेल्या खोलीतून बाहेर बर्फात पळणं होतं. ते सगळं मजेत झालं आणि त्यात सांगण्यासारखी संकटं नाहीत. सहल संपली तेव्हा मी स्वतःला फार मोठी समजत होते.

सकाळी गाडी हॅम्बर्गला पोचली. फलाटावर काकू उभ्या होत्या. इंगोलश्टाटहून एकट्या आल्या होत्या, हातात नेहमीची कापडी पिशवी, पोळीभाजीच्या वासाची. इराला त्यांनी कुशीत घेतलं, तिचा काळवंडलेला चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला आणि मग मला विचारलं, "काय गं, कसं झालं? सगळं नीट ना?"

इरा माझ्याकडे बघत होती. ती काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. "मस्त झालं काकू" हे वाक्य तयारच होतं, ते नेहमीच तयार असतं.

"नाही काकू," मी म्हणाले. "इराची तीन बोटं बधिर झाली होती. आता बरी आहेत. पण ती माझ्यामुळे झाली." आणि मी सगळं सांगितलं, पाच म्हणाली म्हणून रागावले इथपासून.

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी इराच्या बुटांकडे पाहिलं. "दहा आहेत ना?"

"ममा! आले त्सेन," इरा म्हणाली. सगळी दहा.

"तुझ्यावर सोपवली होती मी," काकू मला म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"हो काकू."

आमच्या बाजूनं माणसं घाईघाईनं कामाला चालली होती. मी सॅक उचलली आणि दोन पावलं टाकली.

"थांब," काकू म्हणाल्या. "लंगडतेस का तू?"

"काही नाही, जरासं…"

"बस इथे."

त्यांनी मला फलाटावरच्या बाकावर बसवलं, स्वतः समोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या बुटाची नाडी सोडू लागल्या. मी पाय मागे ओढला. "अहो काकू, पायाला काय हात लावताय!"

"गप बस." मोजा निघाला, पट्टी निघाली. काकूंनी माझी टाच तळहातावर घेतली आणि मान वर न करता विचारलं, "दुखतंय का गं, बाळा?"

"हो काकू," मी म्हणाले, "खूप दुखतंय." आणि खिंडीत सगळ्यांच्या पुढे चाललेली मी त्या गर्दीच्या फलाटावर, भर सकाळी, काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले.